थर्माकोल थोडा उप्पर

घरात कुणी डॉक्टर झालं की नातेवाईक त्याला जीभ काढून दाखवतात, वकील झालं की सातबारा दाखवतात. फोटोग्राफर झालं की मात्र ते आपला मोबाईल दाखवतात. ‘हे बघ, मी महाबळेश्वरला काढलेला.’ त्यात सूर्य मावळत असतो, कोपऱ्यात मेव्हण्याचा कान आलेला असतो, आणि रीतसर शिकून आलेल्या पोरानं ‘छान आलाय’ म्हणायचं असतं. मग मोबाईल खिशात जातो आणि पोटातला प्रश्न ओठावर येतो : ‘पण याचं पुढे करायचं काय?’

माझ्या भावाच्या मुलीला हा प्रश्न सांगलीत इतक्या जणांनी विचारला की शेवटी ती चंदीगडला माझ्याकडे आली. पुण्यात फोटोग्राफीचा कोर्स, शेवटच्या सत्रात इंटर्नशिप सक्तीची, आणि ती ज्याची त्यानं शोधायची. (माहितीपत्रकावर मात्र इंटर्नशिपचाच फोटो, हसरी मुलं आणि हातभर लांबीच्या लेन्स.) मुंबईत तिनं जिथं जिथं विचारलं तिथून एक तर उत्तरच आलं नाही, नाहीतर आलं ते असं : या, शिका, पैसे मिळणार नाहीत, राहायचं तुमचं तुम्ही बघा. अंधेरीत राहून फुकट काम करायला महिन्याला किती खर्च येतो, याचा हिशेब भावानं एका कागदावर मांडला आणि तो कागद देवापुढे ठेवला म्हणे. देवाकडून काही आलं नाही. मग त्याला बहीण आठवली.

‘तुमच्याकडे काय आहे गं त्यातलं?’ त्यानं फोनवर विचारलं.

आमच्याकडे सेक्टर आहेत. प्रत्येक साधारण 800 मीटर रुंद आणि 1200 मीटर लांब. प्रत्येकात शाळा, बाग, मार्केट. पाहुणे येतात ते सेक्टर 1 मधली विधानसभा बघतात, सेक्टर 17 च्या चौकात आइस्क्रीम खातात आणि जातात. आम्ही राहतो 39 मध्ये, तिथं बघायला कुणी येत नाही. ह्यांची नोकरी इथल्या सूक्ष्मजीव संशोधनाच्या प्रयोगशाळेत, म्हणून आम्ही. सांगलीच्या भाषेत सांगायचं तर बदलीच्या गावाला नावं ठेवून उपयोग नसतो.

भाची मात्र फार अपेक्षेनं आली होती. ल कॉर्बुझिए या वास्तुकाराचं शहर! आल्या आल्या ती कॅपिटॉल कॉम्प्लेक्स बघून आली. 2016 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि बघायचं ते गाइडच्या मागून, गाइडच्या चालीनं. संध्याकाळी तिनं फोटो दाखवले. उघडं काँक्रीट, तिरप्या सावल्या, एका कोपऱ्यात अगदी छोटा माणूस. सुंदर होते. फक्त हे फोटो मी आधी कुठंतरी पाहिलेत असं वाटत राहिलं, आणि तिलाही ते काढताना तसंच वाटलं होतं. त्याचं कारण ल्युसिएन एर्वे.

हा मूळचा हंगेरीचा, पॅरिसला येऊन फॅशनच्या धंद्यात कपड्यांची डिझाइनं करणारा माणूस. 1949 मध्ये तो मार्सेयला गेला, तिथं कॉर्बुझिएची प्रचंड निवासी इमारत उभी राहत होती, आणि त्यानं एका दिवसात तिचे साडेसहाशे फोटो काढले. फिल्मवर. ते सगळे कॉर्बुझिएला पाठवून दिले. कॉर्बुझिएनं उलट कळवलं की तुमच्यात वास्तुकाराचा जीव आहे, आणि स्वतः 1965 मध्ये वारेपर्यंत त्याला आपला फोटोग्राफर म्हणून ठेवलं. त्या कामासाठी एर्वे चंदीगडला आला, आणि आपल्या नंतरच्या सगळ्या विद्यार्थ्यांचे फोटो तो आधीच काढून गेला.

कोर्समध्ये ही गोष्ट फार आवडीनं सांगतात म्हणे. अर्ज करावा तर असा! भाचीला त्या गोष्टीत एकच शंका होती.

‘आत्या, साडेसहाशे फोटोंच्या फिल्मचे पैसे कुणी दिले त्याला?’

स्फूर्तिदायक गोष्टींतलं हे पान नेहमी फाटलेलं असतं.

आता आपल्याकडचा सर्वांत मोठा फोटोग्राफीचा विद्यार्थी घ्या. धुंडिराज गोविंद फाळके, त्र्यंबकेश्वरचे. 1885 ला मुंबईच्या जे. जे. मध्ये चित्रकला शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात गेले, तिथं कॅमेरा हाती आला. गज्जरांसारखे जाणते प्रमुख होते, त्यांनी मुलाचा कल ओळखून तीन रंगांची ब्लॉकछपाई शिकायला रतलामला पाठवलं. इथपर्यंत कुठल्याही बापाला पटेल असा आलेख आहे. पुढे गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. गिऱ्हाईक येईना. कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो, अशी लोकांची समजूत होती असं सांगतात. (आता तीच शक्ती लोक दिवसातून चाळीसदा आपण होऊन ओढवून घेतात.) मग प्लेगची साथ आली आणि पहिली पत्नी आणि मूल दोन्ही गेली. मधल्या काळात नाटकाचे पडदे रंगवले. जादू शिकले, आणि आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं प्रयोग केले. 1903 ला पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर म्हणून लागले. सरकारी नोकरी, पगार, सगळं जागेवर. ती स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली. लोणावळ्यात राजा रविवर्म्यांच्या छापखान्याचं काम केलं, स्वतःचा छापखाना काढला, भागीदारांशी पटलं नाही, तोही सोडला. मग कुठंतरी ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला आणि डोक्यात ते शिरलं ते निघालंच नाही.

मला या सगळ्यात सर्वांत जवळचं वाटतं ते वाटाण्याचं रोप. भांडवल कोण देणार? म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वर येईपर्यंत नेमानं त्याची एकेक चौकट टिपली. पडद्यावर रोप बघता बघता वाढलं, आणि पैसे देणाऱ्याच्या डोळ्यांत विश्वास उगवला. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला 3 मे 1913 ला, तेव्हा फाळक्यांना 43 पुरी होऊन तीन दिवस झाले होते. आमच्या भावाला हे मी फोनवर सविस्तर सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हणजे 43 पर्यंत मी हिला पोसायचं का?’

बाप म्हणून त्याचं चूक नाही. पण या धंद्यात पुढच्या दारानं आत गेलेला माणूस मला तरी सापडला नाही. रघु राय शिकले सिव्हिल इंजिनियरिंग. भाऊ एस. पॉल नावाजलेले फोटोग्राफर, त्यांच्या घरी राहताना कॅमेरा हातात आला. एका खेड्यात गाढवाचं पिल्लू दिसलं, ते पळालं, हे मागे पळाले; पिल्लू दमून थांबलं तेव्हा फोटो घेतला. भावानं तो लंडनच्या ‘द टाइम्स’ला धाडला आणि तो छापून आला. आपले गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्राचे पदवीधर, जाहिरात कंपनीत नोकरी करता करता चेहऱ्यांकडे वळले. इंजिनियर, केमिस्ट, शिंपी, जादूगार. नेमकं फोटोग्राफीचं प्रमाणपत्र घेऊन दारात उभ्या राहिलेल्यालाच लोक विचारतात, अनुभव आहे का?

तर भाचीचा अनुभव सुरू झाला आमच्याच मार्केटमधून. भाजी घ्यायला जाताना एक फोटो स्टुडिओ लागतो. बाहेर पाटी : पासपोर्ट, व्हिसा, लॅमिनेशन, झेरॉक्स. आत पासष्टीचे सरदारजी. मी तिला माझा स्वतःचा फोटो काढायला म्हणून घेऊन गेले, आणि त्यांना सहज म्हटलं की ही पुण्याला हेच शिकते.

‘हेच?’ त्यांनी विचारलं. ‘मग हे धर.’ आणि थर्माकोलचा एक पांढरा तुकडा तिच्या हातात दिला.

स्टुलावर एक पोरगा बसलेला, एकोणीस-वीसचा, कॅनडाला शिकायला निघालेला. या भागात ही काही बातमी नाही. डोक्यावर घट्ट बांधलेली गडद निळी पगडी, तिची सावली नेमकी कपाळावर पडत होती. व्हिसाच्या फोटोत धार्मिक पगडी चालते, पण चेहरा पूर्ण दिसला पाहिजे आणि त्यावर सावली चालत नाही. दिवा वर घेतला तर सावली भुवयांपर्यंत येते, खाली घेतला तर माणूस भुतासारखा दिसतो, समोरून दिला तर मागच्या पांढऱ्या पडद्यावर डोक्याचा काळा ठसा उमटतो. सरदारजींनी दोन्ही बाजूंचे दिवे जरा मागे सरकवले आणि भाचीला पोराच्या छातीखाली थर्माकोल आडवा धरायला सांगितलं. ‘पुत्तर, थर्माकोल थोडा उप्पर. बस. हुण थोडा तिरछा.’ खालून अलगद उजेड चढला आणि कपाळ मोकळं झालं. पोरगा हसायला लागला. ‘हसना नहीं,’ सरदारजी म्हणाले, ‘हसना उत्थे जा के.’

भाची घरी येईपर्यंत त्या थर्माकोलबद्दलच बोलत होती. कॉलेजात रिफ्लेक्टर शिकवलेला होता, बाहेरून मागवलेला, घडीचा, सोनेरी-चंदेरी. पण सावली पगडीची असेल तर काय करायचं, हे कुठल्या सत्रात नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळचे काही तास तिथं जायला लागली. सरदारजींनी पहिल्याच दिवशी पैसे ठरवले. फार नव्हते, पण ठरवले. गुरूच्या घरी पूर्वी पाणी भरावं लागे हे खरं, पण जेवणही गुरूच्याच घरी असे. मोठ्या शहरांतल्या कितीतरी स्टुडिओंनी त्यातला पाणी भरण्याचा भाग तेवढा चालू ठेवलाय, आणि याला ते शिक्षण म्हणतात. याबद्दल माझं मत फार सौम्य नाही.

व्हिसाच्या फोटोंचं एक शास्त्र आहे. कॅनडाच्या व्हिसाला 35 बाय 45 मिलिमीटर, हनुवटीपासून टाळूपर्यंत चेहरा 31 ते 36 मिलिमीटर. अमेरिकेला 2 इंच बाय 2 इंच, आणि 2016 च्या नोव्हेंबरपासून चष्मा काढूनच. थंडीत परदेशातून माहेरी-सासरी आलेले लोक पासपोर्टच्या फोटोसाठी येतात. कॅनडाच्या पासपोर्टाचा फोटो आकारानं मोठा, 50 बाय 70, आणि त्याच्या पाठीवर स्टुडिओचं नाव, पत्ता आणि तारीख असावीच लागते. भाचीला याचं फार अप्रूप वाटलं. वर्तमानपत्रं, मासिकं, वेबसाइटी फोटोग्राफरचं नाव गाळायला टपलेली असतात, आणि एक परकं सरकार फोटो काढणाऱ्याचं नाव नसेल तर फोटोच परत पाठवतं!

दुपारी ती मोकळी. ह्यांनी तिला एक दिवस प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या माणसाकडून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीबद्दल समजून घ्यायला लावलं. आमच्या ह्यांना वाटतं की जगातले सगळे प्रश्न बॅक्टेरियांपाशी येऊन सुटतात, पण या वेळी त्यांचं म्हणणं अगदी वाया गेलं नाही. सूक्ष्मजीवाचा तसा फोटो घ्यायचा तर आधी त्याला नीट वाळवतात, मग निर्वात पेटीत त्याच्यावर सोन्याचा अतिसूक्ष्म थर चढवतात, तेव्हा कुठं त्याचा पृष्ठभाग स्पष्ट उमटतो. फोटो येतो काळापांढरा. मासिकांत आपण जांभळे-हिरवे जंतू बघतो ते रंग नंतर कुणीतरी बसून भरलेले. त्या ‘कुणीतरी’ला पगार असतो, आणि ते काम बहुतेक वेळा शास्त्र शिकलेला माणूस आणि फोटो समजणारा माणूस यांच्या मध्ये लोंबकळत पडलेलं असतं.

‘नवरीलाही आधी सोनं घालतात, मग फोटो काढतात,’ भाची म्हणाली. ह्यांना विनोद कळला नाही; त्यांनी थराची जाडी सांगितली.

असं बघत गेलं की कामं दिसायला लागतात, आणि त्यांतल्या एकाचंही नाव करिअर मार्गदर्शनाच्या तक्त्यावर नसतं. जवळच सेक्टर 36 मध्ये केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. गुन्ह्याच्या जागेचा, बोटांच्या ठशांचा, खोट्या सहीचा फोटो हा वेगळाच अभ्यास. पुरातत्त्व खात्याला फाळक्यांच्या काळी फोटोग्राफर लागत होता, आजही लागतो. आणि खुर्च्या! चंदीगडच्या कचेऱ्यांसाठी कॉर्बुझिएचा सहकारी पिएर जानरेनं बनवून घेतलेल्या सागवानी खुर्च्या, वेताच्या पाठीच्या. कित्येक वर्षं त्या गच्चीवर आणि जिन्याखाली मोडून पडल्या होत्या, भंगारात निघाल्या. मग युरोपातल्या लिलावगृहांच्या गुळगुळीत कॅटलॉगात त्यांचे फोटो आले आणि एकेक खुर्ची लाखांत जायला लागली. खुर्ची तीच. मध्ये फक्त साफसफाई आणि एक जाणता फोटोग्राफर. 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं या वारशाची विक्री थांबवायचे आदेश काढले, तोवर कितीतरी खुर्च्या परदेशी जाऊन बसल्या होत्या. वस्तूंचे फोटो काढणं हलकं काम आहे असं भाचीचं कोर्समधलं मत होतं. तिनं आमच्या गॅलरीतल्या मोडक्या खुर्चीचाही एक फोटो काढून बघितला. ती मोडकीच दिसली. आमची प्लायवुडची आहे.

ऑक्टोबरात आमच्या सेक्टरच्या धान्यबाजारात भात येतो. ट्रॉल्या उलट्या होतात, सोन्यासारखे ढीग पडतात आणि मोठ्या पंख्यांसमोर धान्य सोडून त्यातला कोंडा उडवतात. सकाळच्या तिरप्या उन्हात तो कोंडा हवेत तरंगत असतो तेव्हा एर्वेची काँक्रीटची सावली विसरायला होते. भाची डोक्याला ओढणी गुंडाळून, लेन्सला प्लॅस्टिकची पिशवी बांधून तिथं जायला लागली. पहिल्या दिवशी एका अडत्यानं विचारलं, सरकारी का? नाही म्हटल्यावर त्यानं स्वतःचा एक फोटो काढून मागितला, स्टेटसला ठेवायला, बारदानाच्या थप्पीसमोर, हातात फोन कानाला लावून. तिनं काढला. मग त्याच्या शेजारच्याचा. मग बिहारहून आलेल्या हमालांनी आपापल्या घरी पाठवायला काढून मागितले, आणि पोती उचलताना नाही, स्वच्छ शर्ट घालून. तिला पोती उचलतानाचे हवे होते. दोन्ही काढले गेले. ज्याचा फोटो त्याला तो कसा हवा असतो, हा धडा तिला त्या मंडीत मिळाला, आणि तो फार जुना वाद आहे.

त्यांतला एक फोटो एका स्थानिक वर्तमानपत्रानं घेतला. छापला तेव्हा खाली नाव दुसऱ्याच कुणाचं. तिनं दोन दिवस जेवण नीट घेतलं नाही. मी तिला होमाई व्यारावालांची गोष्ट सांगितली. नवसारीत जन्म, शिक्षण जे. जे. मध्ये, फोटोग्राफी शिकल्या माणेकशांकडून, जे पुढे नवरा झाले. सहलीला गेलेल्या बायकांचे त्यांचे फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आले, एका फोटोला एक रुपया. सुरुवातीचे फोटो माणेकशांच्या नावानंच जायचे. पुढे देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव झालं, 1947 च्या त्या सगळ्या दिवसांत त्यांचा कॅमेरा होता. टोपणनाव ‘डालडा 13’ : जन्म 1913 चा, माणेकशा भेटले तेराव्या वर्षी, पहिल्या गाडीची पाटी डी. एल. डी. 13. तेरा त्यांना लाभलं. चंदीगडमध्ये मात्र कॉर्बुझिएच्या आराखड्यात सेक्टर 12 नंतर एकदम 14, तेरा अशुभ म्हणून. मनीमाजऱ्याला तो आकडा चिकटवला अलीकडे, 2020 मध्ये.

‘एक रुपया तरी मिळत होता,’ भाची म्हणाली. पण मग ती उठली, त्या कचेरीत गेली, मेलच्या तारखा दाखवल्या, आणि पुढच्या फोटोचे पैसे आणि नाव दोन्ही आधी लिहून घेतलं. मंडीत पिशवी बांधायला शिकली तसंच हेही.

थंडी पडली आणि लग्नं सुरू झाली. पंजाबातलं लग्न म्हणजे आपल्याकडची चार लग्नं आणि एक गणपती. सरदारजींच्या साडूचा मुलगा लग्नाचे फोटो घेतो, त्याच्याकडे चार मुलगे होते आणि नवरीच्या खोलीत जाऊ शकेल अशी एकही मुलगी नव्हती. मेंदी, चूडा, आईनं ओढणी नीट करणं, हे सगळं त्या खोलीत होतं आणि चारही मुलगे बाहेर दाराशी उभे राहत. भाचीला त्यानं पहिल्या लग्नाला बॅग उचलायला नेलं. मुंबईत हेच फुकट होतं. नवरीच्या आजीनं तिला आत ओढलं, आणि दुसऱ्या लग्नापासून ती दिवसाच्या पैशांवर जायला लागली. चूडा चढवताना नवरीच्या मामाचे हात थरथरतात, त्यांचा तिनं काढलेला फोटो मी बघितला आहे. तो कॅपिटॉलच्या सगळ्या फोटोंपेक्षा चांगला आहे असं मला वाटतं. ह्यांना वाटत नाही. ह्यांचं म्हणणं फोकस बांगडीवर जायला हवा होता.

कोर्सला तिनं जो अहवाल पाठवला त्यात इंटर्नशिपची संस्था या रकान्यात काय लिहायचं यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली. शेवटी तिनं स्टुडिओची पाटी जशीच्या तशी उतरवली, लॅमिनेशन आणि झेरॉक्ससकट, आणि सरदारजींनी खाली शिक्का मारला. तोच, पासपोर्टच्या फोटोंच्या पाठीवर मारतात तो. कॉलेजनं तो स्वीकारला.

भावाचा फोन परवा आला होता.

‘महिन्याचे किती पडतात म्हणायचे?’

‘बाबा, महिन्याचं असं नसतं,’ ती म्हणाली. ‘लग्नाचे वेगळे, मंडीचे वेगळे, स्टुडिओचे वेगळे.’

‘आणि लग्नं संपली की?’

‘मग बैसाखीला गहू येतो.’

तो थोडा वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं की आता पुढचं लग्न कुठं आहे. गुरदासपूरला, ती म्हणाली, आणि डोली पहाटे चारला निघते, धुक्यात, म्हणून रात्रीच पोचायचं.

‘चारला?’ भाऊ म्हणाला. ‘आत्याला दे फोन.’ आणि मला त्यानं बजावलं की तुझ्या लोकरीच्या दोन बनियनी तिला दे, आणि कॅमेऱ्याच्या बॅटरीला पण थंडी लागते म्हणे, ती आतल्या खिशात ठेवायला सांग. त्यानं कुठंतरी वाचलं होतं.